अंड्यावर भांडताय, मग दुधाचं काय?

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत शाळेतल्या अंड्यावरून जे चाललंय ते मी रोज वाचते, कधी शाळेत तांदूळ निवडता निवडता तर कधी रात्री घरी, आणि आता गप्प बसवेना म्हणून लिहायला घेतलंय. एकजण म्हणतोय अंडं म्हणजे पाप, सरस्वतीच्या मंदिरात ते शिजवू नका. दुसरा लगेच म्हणतोय तुम्ही गरिबाच्या पोरांच्या पोटावर पाय देताय. तिसरा मधीच घुसून शाकाहारी माणूस शंभर वर्षं जगतो असं ठोकून देतोय. खरं, अंडं उकडणाऱ्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही आणि म्हशीचं शेण काढणाऱ्या बाईला तर त्याहून नाही. मी दोन्ही करते. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत माध्यान्ह आहाराचा स्वयंपाक करते आणि घरात म्हशी हायत, दोन्ही टायमाला डेअरीला दूध घालतो. माझं म्हणणं एवढंच हाय की दुधाचा हिशोब मांडल्याशिवाय अंड्याचा मांडू नका, आणि दोन्ही मांडले की मग कोण शुद्ध आणि कोण पापी हे ठरवायला बसा, बघू कोण उरतंय.

आधी शाळेतलं सांगते. कर्नाटकात शाळेत दूध यायला लागलं २०१३ च्या ऑगस्टपासून, क्षीर भाग्य म्हणून. पावडर गरम पाण्यात कालवायची, साखर घालायची, पोराला १५० मिली. २०२४ पासून काही दिवस त्यात नाचणीचं माल्ट पण पडतंय. आता या दुधाविरुद्ध एक मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही, एक स्वामी बोलल्याचं आठवत नाही. अंडं आलं २०२१ च्या डिसेंबरात, ते पण पहिल्यांदा बिदर, रायचूर, कलबुर्गी, यादगीर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजापूर जिल्ह्यांत, आपल्याकडं मागनं. लगेच काही मठाधीश उठले, तेव्हा नेमकं बेळगावात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, तिथं येऊन धरणं धरतो म्हणाले. आणि गंगावतीच्या एका शाळकरी पोरीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, अंडी पाहिजेतच म्हणून मठवाल्यांनाच सुनवत होती, आमच्या शाळेतल्या बाया तो परत परत लावून बघत होत्या. पुढं ते सगळ्या राज्याला लागू झालं, आठवड्याला दोन होती ती २०२४ ला अझीम प्रेमजी फाउंडेशननं पैसे दिले तशी सहा दिवस झाली. ज्याला अंडं नको त्याला केळं, मधी चिक्की पण होती ती बंद झाली.

एका अंड्यामागं सरकारनं धरलेले सहा रुपये, त्यातच गॅस आणि त्यातच सोलायची मजुरी, हे लांबनं बोलणाऱ्यांना ठाऊक नसतंय. बाजारात अंड्याचा दर चढला की हेडमास्तर खिशात हात घालतात आणि आमच्याकडं रागानं बघतात, जसं काय अंडी आम्हीच घालतो. मोठ्या पातेल्यात मूठभर मीठ टाकून उकडायची म्हणजे कवच तडकलं तरी आतलं फारसं बाहेर येत नाही, गार पाण्यात काढायची, मग सगळ्याजणी घेरून सोलायला बसायचं. नखाच्या कडा चिरतात. वर्गावर्गाची यादी असत्या, अंडं कुणाला, केळं कुणाला. त्या यादीत काय काय भानगडी असतात ते मला विचारा. शाकाहारी घरातली एक आई आली आणि हळूच म्हणाली, वहिनी, पोरगं अंडं मागतंय तर द्या, खरं यादीत केळंच राहू दे, घरात थोरली माणसं हायत. आणि उलटं पण हाय, ज्या घरात रविवारी मटण चुकत नाही तिथली एक पोरगी केळं घेत्या, कारण आज्जीनं पंढरीची माळ घातल्या आणि ती आज्जीच्या ताटात जेवत्या. म्हणजे जातीवरून ताट ओळखायला जे निघालेत त्यांनी एकदा आमच्या शाळेच्या कट्ट्यावर येऊन बसावं.

तुम्ही म्हणाल अंड्यात असं काय हाय. सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, बी ट्वेल्व्ह आणि ए ही जीवनसत्त्वं. आणि आमच्या सांबारात काय असतंय ते पण सांगते. नियमानं पाचवीपर्यंतच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ. वीस ग्रॅम डाळ म्हणजे मुठीत धरली तर मूठ भरत नाही, त्यातनं पाच ग्रॅम सुद्धा प्रोटीन निघत नाही, म्हणजे एक अंडं हे अख्ख्या डाळीपेक्षा जास्त झालं. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, देशातल्या पाच वर्षांखालच्या १०० पोरांत ६७ जणांना रक्त कमी हाय. यादगीरमध्ये अंडी दिलेली पोरं आणि गदगमध्ये न दिलेली पोरं अशी तुलना केली तर यादगीरच्या पोरांचं वजन जास्त भरलं. त्यामुळं अंड्यानं काय होत नाही असं कुणी सांगू नये.

खरं हे पण खरं हाय की तेवढंच काम डाळ करू शकत्या. आमच्या भागात भात निघाला की त्याच रानात मसूर, हरभरा पडतोय, माळावर हुलगा हाय, शेंगा हायत, खानापूरकडं नाचणी हाय, आणि नाचणीत शंभर ग्रॅमला दुधाच्या दुप्पट-तिप्पट कॅल्शियम असतंय हे कुठल्या पण आहाराच्या तक्त्यात बघा. भाकरीत जे प्रोटीन कमी पडतंय ते डाळ भरून काढत्या, म्हणून तर भाकरी आणि मसुराची आमटी शेतात राबणाऱ्या माणसाला पुरत आली. तर ज्यांना शाळेत अंडं नको त्यांनी असं पत्र लिहावं की वीस ग्रॅमची चाळीस ग्रॅम डाळ करा, रोज मूठभर शेंगदाणे द्या, बी ट्वेल्व्हची सोय करा, आणि मग अंडं काढा. त्या पत्राखाली मी पहिली सही करते. खरं असं पत्र येत नाही. येतंय ते नुसतं काढून टाका म्हणून, आणि काढलं की पोराच्या ताटात उरतंय पाणीदार सांबार. तिकडं महाराष्ट्रात तेच झालं बघा. माझं माहेर चंदगड तालुक्यात, तिथं २०२३ च्या नोव्हेंबरापासून आठवड्याला एक अंडं सुरू केलेलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे बंद करून पाहिजे असेल तर लोकवर्गणीतनं करा म्हणून सांगितलं. लोकवर्गणी! चंदगडच्या वाड्यावर! आम्ही एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारी माणसं, महाराष्ट्रात जायचं म्हणून आमच्या सासऱ्यांनी जेल बघितलंय, खरं अंड्यापुरतं बोलायचं झालं तर माझ्या भाच्यापेक्षा इकडची पोरं बरी म्हणायची वेळ आल्या.

आता दुधाकडं येते, कारण सगळे तिथं येऊन मुके होतात.

म्हैस व्याली की पहिल्यांदा शेपटी उचलून बघतात. पारडी असली तर घरात बरं वाटतंय, शेजारीण पण विचारायला येत्या. रेडा असला की बापई माणसं हात धुवून आत जातात. पारडीला नीट पाजतात कारण ती उद्याची म्हैस. रेड्याला एक सड, ते पण पान्हा फुटेपर्यंत. म्हशीनं पान्हा सोडला की दोरी ओढून त्याला लांब खुंट्याला, तोंडाला दुधाचा फेस तसाच असतोय, आणि ते आईकडं ओढ घेत ओरडत असतंय तोवर इकडं चरवी भरत असत्या. महिनाभरात त्याचे केस उभे राहतात, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, जंत होतात, हागवण लागत्या. डॉक्टरला बोलवत नाहीत, कारण डॉक्टरला द्यायचे तेवढे पैसे त्या रेडकाला कुणी देणार नाही. त्याला कुणी मारत नाही, म्हणून घर शाकाहारीच राहतंय. ते आपलं आपण मरतंय.

यात सगळी माणसं राक्षस हायत असं मी म्हणत नाही, आमचं घर धरूनच बोलते. पूर्वी रेडा सांभाळायला कारण होतं. जांबोटी, कणकुंबी या पावसाच्या पट्ट्यात चिखलणीला रेडा चांगला, चिखलात बैल दमतो पण रेडा चालतो. पॉवर टिलर आला आणि रेड्याचं काम गेलं. दुधाला दर फॅटवर, रेडकानं लिटरभर पिलं की तेवढे पैसे सरळ गेले, आणि पेंडीचा दर तर विचारूच नका. बिन कामाचं जनावर गरिबानं का पोसावं हा प्रश्न बरोबरच हाय. खरं मग त्या गरिबाचं दूध पिऊन, त्या दुधाचा कुंदा खाऊन, त्याच्याच तुपाचा दिवा लावून अंडं खाणाऱ्याला हिंसक म्हणायचं हे कुठल्या तोंडानं?

रेडकू मेलं की म्हैस आटत्या. जुन्या माणसांनी बघितलंय, मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं उभं करायचे, म्हैस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. आता तेवढं कोण करत बसतंय, इंजेक्शन हाय. ऑक्सिटोसिन. त्याच्या गैरवापरावरून २०१८ ला केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांचं उत्पादन बंद करून ते एका बेंगळूरच्या सरकारी कंपनीकडंच ठेवायचं ठरवलेलं, खरं दिल्ली हायकोर्टानं ते रद्द केलं, कारण बाळंतिणीचं रक्त जाणं थांबवायला तेच औषध लागतंय आणि तुटवडा झाला असता तर बायका मेल्या असत्या. हे पण बरोबरच. खरं गोठ्यात ते कोण देतंय, किती देतंय हे बघायला कुणी येत नाही.

आणि भाकड झालेली म्हैस? बाजारात. बाजारातनं पुढं कुठं जात्या ते सगळ्यांना ठाऊक असतंय आणि कुणी विचारत नाही. जगात सगळ्यात जास्त दूध भारतात निघतंय आणि म्हशीचं मांस परदेशी धाडण्यात पण भारतच पुढं, हे दोन्ही नंबर एकाच गोठ्यातनं निघाल्यात. वर कायदे बघा. महाराष्ट्रात गाय आधीपासून बंद होती, २०१५ पासून बैल पण. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू सगळं बंद, म्हैस-रेडा तेरा वर्षांच्या वर गेला तरच, ते पण सर्टिफिकेट काढून. म्हणजे आमच्या गोठ्यातलं चार दिवसाचं रेडकू कायद्यानं तेरा वर्षं सुरक्षित. कापलं तर जेल, उपाशी ठेवून मारलं तर विचारायला कोण येत नाही. जर्सीच्या पाड्याचं त्याहून वाईट, वशिंड नाही म्हणून जू बसत नाही, विकता येत नाही, रात्री कुठंतरी हायवेला नेऊन सोडतात आणि सकाळी ट्रकखाली सापडतंय.

हे काय मी नवीन शोधलेलं नाही. १९२४ ला बेळगावात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तिथं, २०२४ ला त्याची शंभरी झाली, गावभर लायटिंग केलं, काँग्रेस विहिरीपाशी लोकांनी सेल्फी काढले. त्याच वेळी इथं गोरक्षा परिषद पण भरली होती, तिचे अध्यक्ष पण तेच. तर या माणसानं आफ्रिकेत असतानाच, १९१२ ला, दूध सोडलेलं. कलकत्त्याकडं जास्त दूध काढायला जनावरावर फुंका म्हणून एक घाण प्रकार करायचे, तो कळल्यावर त्यांना दुधाची शिसारी बसली होती. पुढं १९१८ ला खेडा जिल्ह्यातल्या कामानंतर एवढे आजारी पडले की अंथरुणातनं उठवेना, डॉक्टर म्हणाले दुधाशिवाय ताकद यायची नाही, हे ऐकेनात, मग कस्तुरबांनी वाट काढली की शपथ घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं घ्या. घेतलं. आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलं की शपथेचा शब्द राहिला, आत्मा मोडला. त्यांना जे आयुष्यभर टोचत राहिलं ते आपले पत्रलेखक एका आठवड्यात मिटवायला निघालेत.

आणि आपल्या सदलग्याचे जैन आचार्य विद्यासागर महाराज, २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडला समाधी घेतली, त्यांनी तर दूध, मीठ, साखर सगळंच वर्ज्य केलेलं. त्यांचा मार्ग त्यागाचा, म्हशीसाठी म्हणून नव्हे, तेवढा फरक मला कळतोय. खरं अहिंसेचं नाव घ्यायचं तर असं घ्यावं, आधी आपल्या ताटातलं काढून. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या जैन आणि लिंगायत शेतकऱ्यांचे पण गोठे हायतच की, दूध डेअरीला जातंयच, मराठ्याचं, जैनाचं, मुसलमानाचं, सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये. कुणाला टोचायचं म्हणून लिहीत नाही. तिथल्या रेडकाचं काय होतंय ते ज्यानं त्यानं आपल्या गोठ्यात जाऊन बघावं.

म्हणून अंडं धुतल्या तांदळासारखं हाय का, तर अजिबात नाही. फार्मवरची अंड्याची कोंबडी पिंजऱ्यात, एका कोंबडीला झेरॉक्सच्या एका ए-फोर कागदापेक्षा कमी जागा, पंख पसरायचा प्रश्नच नाही, चोच पण भाजून कापतात, नाहीतर एकमेकीला टोचून मारतात. आणि अंड्याच्या जातीतला नर पिल्लू काय कामाचा नाही, ना अंडी ना मांस, तो हॅचरीतच पहिल्या दिवशी मारून टाकतात. म्हणजे बघा, तिथं पण नरच. रेडा काय नि कोंबडा काय, दूध आणि अंडी या दोन्हीत बाईजात राबत्या आणि बाप्याचा जीव जातोय. (हे वाक्य आमच्या मालकांना दाखवलं, हसले नाहीत.) त्यामुळं फलित नसलेलं अंडं शाकाहारी असतंय वगैरे जे सांगतात त्यांचं पण मला पटत नाही. अंडं हे अंडंच, आणि ते पोराला लागतंय म्हणून मी उकडते, शुद्ध हाय म्हणून नव्हे.

आता अंगाचं. शाकाहारानं माणूस दणकट राहतो का पडतो. आमच्या सासूबाई माळकरी, तीस वर्षं झाली असतील, चूल वेगळी नाही खरं भांडी वेगळी. गेल्या वर्षापासून पायाला मुंग्या, रात्री तळपाय पेटल्यासारखे, चालताना झोकांडी जायची, विसरायच्या तर एवढं की दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसायच्या. आम्हाला वाटलं वय झालं. एका डॉक्टरनं कॅल्शियम दिलं, दुसऱ्यानं मणक्याचा एक्स-रे काढला, बिल झालं. शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी ट्वेल्व्ह तळाला. इंजेक्शनं दिली, मुंग्या बऱ्याच कमी आल्या, सगळ्या गेल्या नाहीत, कारण नस फार दिवस उपाशी राहिली की पूर्ण भरून येत नाही म्हणाले.

हे जीवनसत्त्व पालेभाजीत नाही, डाळीत नाही, फळात नाही. ते तयार करतात जंतू, बॅक्टेरिया, आणि आपल्याला मिळतंय ते जनावरामार्फत, मांस-मासे, अंडी, दूध यातनं. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतंय, मोठा पेलाभर दुधात एकाच्या आसपास. म्हणजे जो शाकाहारी रोज भरपूर दूध-दही खातोय त्याचं भागतंय, आणि ज्या बाईच्या वाट्याला दूध म्हणजे फक्त चहातलं, तिचं भागत नाही. सासूबाईंच्या घरात चार म्हशी, खरं दूध सगळं डेअरीला. वर त्यांना साखर हाय, त्याची मेटफॉर्मिन म्हणून गोळी असत्या तिनं पण बी ट्वेल्व्ह कमी होतंय, हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केलाय, १९९३ पासून, त्यात जवळजवळ तीनातल्या दोन बायकांना बी ट्वेल्व्ह कमी सापडलं. त्या सगळ्या काय माळकरी नव्हत्या. आणि ज्यांना ते कमी होतं पण फॉलिक ॲसिड जास्त होतं त्यांच्या पोरांत पुढं मधुमेहाकडं जायची लक्षणं जास्त दिसली. तेव्हा नुसतं शाकाहार श्रेष्ठ म्हणून चालत नाही, त्यात काय घालायचं ते पण बघावं लागतंय.

आमच्या दिरांचा पोरगा बेंगळूरला आयटीत हाय, तो व्हीगन झालाय. दिवाळीला आला आणि चहा काळा द्या म्हणाला, सगळ्या घरानं त्याची टर उडवली, त्याचे वडील म्हणाले दूध न पिणारा गवळी. खरं मला त्या पोराचं एक आवडलं, तो कुणाला शिकवायला बसला नाही. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, मसुराची उसळ, सगळं मिटक्या मारत खाल्लं आणि बी ट्वेल्व्हची गोळी घेतली. ती गोळी बॅक्टेरियापासनंच करतात, जनावराचा संबंध येत नाही म्हणाला. रक्त तपासून घेतो, ठीक हाय. म्हणजे होतंय, जनावराचं काही न खाता माणूस नीट राहू शकतो, फक्त त्याला माहिती पाहिजे आणि गोळीला पैसे पाहिजेत. वाडीवरच्या पोराला दोन्ही नाही, म्हणून त्याच्यावर हा प्रयोग आधी करू नका.

मांसाहारवाल्यांनी पण उगाच छाती फुगवू नये. मटण खाऊन ताकद येत्या म्हणतात, कुणाला येत्या? आमच्यातल्या कुठल्या पण घरात रविवारी बघा. मालकांच्या ताटात नळी आणि कलेजी, पोरांना मऊ फोडी, पाव्हणा आला तर त्याला आग्रह, आणि बायकांना शेवटाला रस्सा, कधी एखादं हाडूक. म्हाईच्या जेवणाला दोन बकरी पडली तरी वाढणारीच्या पानात भातावर तर्रीच. देशात शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्त कमी हाय, त्यात मटण खाणाऱ्या घरातल्या पण हायतच. मांसातलं लोह अंगाला लवकर लागतं हे खरं, खरं ते पोटात गेलं तर ना. ज्याच्या पोटात जातंय त्याला गरज नसत्या, त्याचं कोलेस्टेरॉल आणि युरिक ॲसिड वाढतंय आणि तो बोट सुजलं म्हणून दवाखान्यात. बायकांनी डाळीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्यानं सुद्धा लोह जरा जास्त लागतंय, एवढं तरी कुणी शाळेच्या मीटिंगमध्ये सांगावं.

आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ ला सांगितलंय की सॉसेज, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करतंय हे पक्कं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतोय, आणि मटणासारखं लाल मांस बहुतेक करतंय. सणासुदीच्या मटणानं लगेच काय होतंय असं नाही. खरं रोजच्या चिकन सिक्स्टी फाईव्हवाल्यांनी विचार करावा, त्यातली ब्रॉयलर चाळीस दिवसात दोन किलोची होत्या, आणि तिला फुगवायला कोलिस्टिन म्हणून जे अँटिबायोटिक देत होते ते माणसाला जगवायचं शेवटचं औषध, २०१९ ला त्याच्यावर बंदी घालावी लागली तेव्हा कुठं. आमच्या आखाडातल्या गावठी कोंबड्याची गोष्ट वेगळी, तो उकिरड्यावर फिरून जगला तेवढा तरी जगला.

साहेब, पत्र लांबलं, तुम्ही कापणार हे ठाऊक हाय, खरं पुढचं तेवढं कापू नका. मी अंडं बंद करा म्हणत नाही आणि दूध बंद करा पण म्हणत नाही, दूध बंद झालं तर आमची चूल बंद होईल. माझी मागणी पशुसंगोपन खात्याकडं हाय. पारडीच जन्मावी असं वीर्य निघालंय, त्याला सेक्स सॉर्टेड म्हणतात, त्यानं शंभरात नव्वदच्या आसपास माद्या होतात, राष्ट्रीय गोकुळ मिशनमधनं ते देतात असं पेपरातच वाचलं. गाईसाठी ते कुठं कुठं मिळतंय. म्हशीसाठी मागायला गेलं की आमच्याकडं उत्तर येतंय स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात बघू. ते प्रत्येक दवाखान्यात म्हशीला पण मिळालं, परवडणाऱ्या दरात, तर बहुतेक रेडकं उपाशी मरायला जन्मणारच नाहीत. भाकड म्हशीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट वाढेल, ते पण मला कळतंय. आणि जोवर ते मिळत नाही तोवर डेअरीच्या संघांनी रेड्याला पण जंताचं औषध फुकट द्यावं, पारडीला देतात तसं. औषधाची बाटली काय लाखाची नसत्या.

तालुक्यातल्या कुठल्या दवाखान्यात म्हशीसाठी ते वीर्य खरोखर मिळतंय, आणि किती रुपयाला, एवढं कुणा माहीतगार वाचकानं तुमच्या पेपरात कळवावं. आमची एक म्हैस पंधरा दिवसात माजावर येईल असं वाटतंय, तेवढ्यात कळलं तर बरं.

आपली,
एक माध्यान्ह आहारवाली, खानापूर तालुका
(नाव-गाव छापू नये, हेडमास्तर पेपर वाचतात.)